हेवीवेटमधले जुने गेटकीपर: त्यांचे पराभव कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की हेवीवेटमध्ये, म्हणजे बॉक्सिंगच्या सगळ्यात जड वजनगटात, टायसनच्या सुरुवातीच्या फाइट्स बघताना जेम्स टिलिस भेटला, व्लादिमिर क्लिच्कोला पहिल्यांदा हरवणारा रॉस प्युरिटी भेटला, अलीसमोर पंधरा राउंड उभा राहिलेला जॉर्ज चुवालो भेटला, तिघांनाही जुनी माणसं आदराने गेटकीपर, म्हणजे वर जाऊ पाहणाऱ्या नव्या पोरांची परीक्षा घेणारा, म्हणतात, पण रेकॉर्ड उघडलं की पराभवांची रांग लागलेली. मग मोठ्या नावांकडून हरलेल्या माणसाला एवढा मान कशासाठी, यातला सगळ्यात भारी कोण, आणि असे बॉक्सर आता कमी का दिसतात?

मला यात खरी अडचण वेगळीच दिसते. आपण रेकॉर्ड वाचतो ते मार्कशीटसारखं, जिंकला म्हणजे पास, हरला म्हणजे नापास. ते वाचायचं कसं हे एकदा जमलं की भारी कोण याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी पुण्यात पोरांना बॉक्सिंग शिकवतो, आणि मधली बरीच वर्षं छोट्या प्रोफेशनल कार्डांसाठी, म्हणजे एका रात्रीच्या फाइट्सच्या कार्यक्रमांसाठी, जोड्या लावायचं कामही केलंय. माझ्याकडे हेवीवेट जवळजवळ नाहीत, बहुतेक पोरं साठ-सत्तर किलोच्या आसपासची, पण कुणाला कुणासमोर उभं करायचं हा विचार वजनाने बदलत नाही. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात जोड ठरवणारी जाणती मंडळी असतात ना, त्यांना पक्कं माहीत असतं की अमुक तालमीतला पोरगा आता कुणासोबत सोडायचा, म्हणजे तो चीतपट झाला तरी संपणार नाही आणि जिंकला तर जिंकण्याला काही किंमत राहील. मॅचमेकरचं काम हेच, फक्त इथे चूक झाली तर डोक्याला मार बसतो.

आता गेटकीपर नेमका कुठे उभा असतो ते बघा. सगळ्यात खाली असतात ते हरायच्या बोलीवर आल्यासारखे बॉक्सर, चार-सहा राउंड सांभाळून खेळतात, पैसे घेतात, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात. सगळ्यात वर टायटलचे खरे दावेदार. मधे जो उभा असतो तो जिंकायलाच येतो, आणि समोरचा पहिल्या दहातला नसेल तर बहुतेक वेळा जिंकूनही जातो. वरच्या लायकीचा कुणी आला तर हरतो, पण फुकट हरत नाही, समोरच्याला आठ-दहा राउंड घाम गाळायला लावून हरतो. तो कुणाकडून हरतो आणि कुणाकडून नाही, यावरून त्या काळातल्या हेवीवेट्सची खरी उतरंड कळते. रँकिंगवर प्रमोटरचा हात असू शकतो, या माणसाच्या निकालावर तेवढा चालत नाही.

त्यामुळे मी पराभव बघतो तेव्हा तीन गोष्टी विचारतो. कुणाकडून हरला? कसा हरला, म्हणजे पॉइंट्सवर, जखमेमुळे, थकून, की सरळ आडवा झाला? आणि कधी हरला, म्हणजे वय काय होतं, तयारीला किती दिवस मिळाले होते, फाइट कुणाच्या गावात होती? तिसऱ्या गोष्टीवर फार अवलंबून असतं आणि रेकॉर्डच्या पानावर तीच दिसत नाही.

चुवालोचं रेकॉर्ड या पद्धतीने उघडा. टोरोंटोचा माणूस, ९३ फाइट्स, ७३ जिंकल्या, १८ हरला, २ बरोबरीत. अठरा पराभव म्हटलं की वाटतं साधारणच असणार. पण त्यात अली दोनदा आहे, फ्रेझर आहे, फोरमन आहे, फ्लॉइड पॅटरसन आहे, एर्नी टेरेल आहे, सगळी त्या काळातली वरची नावं. आणि ९३ फाइट्समध्ये त्याला एकदाही खाली पाडता आलं नाही. फ्रेझरने १९६७ मध्ये त्याला चौथ्या राउंडमध्ये थांबवलं ते डोळ्याला झालेल्या वाईट दुखापतीमुळे, फोरमनने १९७० मध्ये तिसऱ्यात थांबवलं तेही रेफरीने मधे पडून, माणूस पायांवर उभाच होता.

२९ मार्च १९६६ ची अलीसोबतची फाइट मी माझ्या पोरांना दाखवतो. मूळ फाइट अली आणि टेरेलची होती, पण अलीच्या व्हिएतनाम युद्धाबद्दलच्या बोलण्यावरून अमेरिकेत गदारोळ उठला, जागा मिळेना, फाइट फिरत फिरत टोरोंटोला पोचली आणि टेरेल बाहेर पडला. चुवालोला तयारीला जेमतेम १७ दिवस मिळाले. अली त्याला आधी 'धोबीण' म्हणून चिडवायचा, त्याच्या हात घुसळत मारण्यावरून. पंधरा राउंडनंतर तिन्ही जजनी मोठ्या फरकाने अलीलाच विजय दिला, त्यात वाद काहीच नाही. पण फाइट नीट बघा, चुवालो बरगड्यांवर, कमरेवर मारतच राहतो, अलीचे दहा पंच डोक्यावर घेऊन दोन पोटात देतो, आणि पंधराव्या राउंडलाही पुढेच चालतोय. नंतर तो सांगायचा की त्या रात्री अली हॉस्पिटलमध्ये गेला आणि मी बायकोला घेऊन नाचायला गेलो. अलीनेही पुढे आपल्याला भेटलेल्या सगळ्यात चिवट माणसांमध्ये त्याचं नाव घेतलं.

इथे चुवालो अलीला जो प्रश्न विचारत होता तो एकच होता, की मी जाणारच नाही, मग तू काय करशील? पंचने पडणारे अलीने बघितले होते, वेगाला वैतागून हात खाली टाकणारे बघितले होते, यातलं काही होत नसेल तर? अलीचं उत्तर होतं पाय आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, पंधरा राउंड न थांबता. त्या काळच्या अलीकडे पंधरा राउंड पुरतील एवढे पाय आहेत ही गोष्ट या फाइटनंतर कुणालाही विचारावी लागली नाही. हरलेल्या माणसाने जगाला हे दाखवून दिलं, आणि मान असतो तो यासाठी.

पण चुवालोला नुसता गेटकीपर म्हणणंही थोडं अन्यायाचंच आहे. १९६५ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पॅटरसनसोबत तो बारा राउंड ज्या पद्धतीने लढला ते बघा, तेव्हा तो खरा दावेदार होता. १९६९ च्या डिसेंबरमध्ये त्याने जेरी क्वारीला सातव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं, क्वारी पॉइंट्सवर पुढे होता, पडल्यावर उठला, परत गुडघ्यावर बसून काउंट, म्हणजे रेफरीची दहापर्यंतची मोजणी, घेतला आणि दहाचा आकडा त्याला कळलाच नाही. कुणी जन्मतः गेटकीपर नसतो. दोन-तीन मोठ्या रात्री हुकतात, वय तिशीच्या पुढे सरकतं, मग फोन येतो तो टायटलसाठी नसतो, कुणाच्या तरी नव्या पोराची परीक्षा घेण्यासाठी असतो.

आता टिलिस, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते हेवीवेटमधलं या कामाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच.

३ मे १९८६, न्यूयॉर्क राज्यातलं ग्लेन्स फॉल्स. टायसन १९ वर्षांचा, १९ फाइट्स आणि १९ नॉकआउट. त्याने १९८५ च्या मार्चमध्ये सुरुवात करून त्याच वर्षात १५ फाइट्स केल्या होत्या, म्हणजे जवळजवळ दर तीन-चार आठवड्यांनी एक, आणि बहुतेक पहिल्या-दुसऱ्या राउंडमध्येच संपलेल्या. अशा पोराबद्दल त्याच्या कोचला नेमकं काय माहीत नसतं? सातव्या राउंडला तो श्वास कसा घेतो हेच माहीत नसतं, कारण सातवा राउंड आलेलाच नाही. त्याचा पंच लागूनही समोरचा उभाच राहिला तर तो वैतागतो का, की कामाला लागतो, हेही नाही. जिममध्ये कितीही स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, करा, हे तिथे कळत नाही, तिथे हेडगार्ड असतं, मोठे ग्लोव्हज असतात आणि कोच 'बस' म्हणतो.

ओक्लाहोमातल्या टल्साचा टिलिस काउबॉय हॅट घालून यायचा. १९८१ मध्ये तो माइक वीव्हरसोबत डब्ल्यूबीए (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन) टायटलसाठी पंधरा राउंड खेळून पॉइंट्सवर हरला होता, पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्ससारख्या भयंकर पंचरला त्याने हरवलं होतं, आणि १९८३ मध्ये टिम विदरस्पूनने त्याला पहिल्याच राउंडमध्ये संपवलंही होतं. म्हणजे चांगल्या दिवशी फार चांगला आणि वाईट दिवशी काहीच नाही. टायसनसमोर त्याचा दिवस चांगला होता. चौथ्या राउंडमध्ये टायसनने डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या पंचने, त्याला पाडलं, इतर १९ जणांपैकी बहुतेकांची गोष्ट इथेच संपली असती. तो उठला, आणि जे करत होता तेच परत करायला लागला. पायांवर हलायचं, टायसन आत आला की धरायचं, आणि टायसनचे मारून झाले की लगेच दोन-तीन उलटे टाकायचे. दहा राउंड गेले. दोन जजनी टायसनला ६-४ दिलं आणि एकाने ८-२. दोन जजच्या हिशेबात टिलिसने चार राउंड जिंकले होते, त्या टायसनसमोर, त्या वर्षी!

माझ्यासारख्या कोचला या फाइटमधून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली टायसनच्या बाजूची, की पोरगा दहा राउंड गेला, वेग पूर्ण उतरला नाही, अवघड राउंड आले तरी डोकं जागेवर राहिलं, म्हणजे आता वर न्यायला हरकत नाही. त्याच्या टीमने तेच केलं, १७ दिवसांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिच ग्रीनसोबत परत दहा राउंड, आणि २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला दोन राउंडमध्ये हरवून तो सगळ्यात लहान वयाचा हेवीवेट चॅम्पियन झाला. दुसरी गोष्ट टायसनच्या विरोधकांच्या बाजूची. टिलिसने दाखवून दिलं की याला धरलं की हा तिथे काम करायचं थांबतो, रेफरीने सोडवायची वाट बघतो, आणि हल्ला संपल्यावर याचं डोकं तुम्हाला एक क्षण सापडतं. बोनक्रशर स्मिथने १९८७ मध्ये यातला फक्त धरायचा भाग घेतला आणि बारा राउंड नुसता लटकून राहिला, वाचला पण जिंकायचा प्रयत्नच केला नाही. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोमध्ये बस्टर डग्लसने सगळंच घेतलं, जॅब, धरणं, सुटल्यावर मारणं, आणि दहाव्या राउंडमध्ये टायसनला नॉकआउट केलं. डग्लस आकाराने मोठा होता, त्याचा जॅब टिलिसपेक्षा खूपच जड होता आणि तोवर टायसनची तयारीही घसरली होती, त्यामुळे टिलिसमुळेच डग्लस जिंकला असं मी म्हणणार नाही. पण प्रश्नपत्रिका चार वर्षं आधी फुटली होती हे नक्की.

टोकियोचा विषय निघालाय तर ग्रेग पेजचंही सांगतो. त्या फाइटच्या आधी तिथल्या सराव शिबिरात पेजने स्पारिंगमध्ये टायसनला खाली पाडलं होतं. पेज हा १९८४-८५ मध्ये डब्ल्यूबीए चॅम्पियन होता आणि १९९० मध्ये तो पैशासाठी स्पारिंग पार्टनर म्हणून आला होता. पेपरात बातमी आली, लोकांनी सोडून दिली. कुठल्याही जाणत्या मॅचमेकरने ती सोडली नसती. पेजकडे परत यायचंच आहे, पुढे.

तिसरा प्युरिटी. ५ डिसेंबर १९९८, कीव्ह. व्लादिमिर क्लिच्को १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट गोल्ड, २४ फाइट्स, २४ विजय, घरचं मैदान. प्युरिटीच्या नावावर १३ पराभव. कागदावर ही फाइट कुणीही सोपी म्हणून लावेल. पण मी म्हटलं तसं 'कसा हरला' ते बघितलं असतं तर दिसलं असतं की हा माणूस मार खाऊनही संपत नाही, शेवटपर्यंत टिकतो. क्लिच्कोने पहिले कित्येक राउंड आरामात घेतले, प्युरिटी हातांचं कवच करून दोरांपाशी उभा, दगडासारखा, हलत नाही, पडत नाही. आणि मोठ्या शरीराच्या पोराचं जे होतं तेच झालं, एवढ्या ताकदीने मारत राहिलं की आठव्या-नवव्या राउंडला खांदे भरून येतात, तोंड उघडं पडतं, हात छातीपर्यंत येतात. दहाव्यात क्लिच्को पूर्ण रिकामा झाला होता आणि अकरावा सुरू होताच कोच फ्रिट्झ झ्डुनेक स्वतः रिंगमध्ये शिरला आणि फाइट थांबली. स्वतःच्या पोराला त्याच्याच देशात सगळ्यांसमोर थांबवायला हिंमत लागते, मी त्या कोचला मनापासून मानतो.

यात शिकण्यासारखं काय? प्युरिटीने क्लिच्कोचं करिअर संपवलं नाही, त्याचा नेमका दोष शोधून दिला. दोष लगेच बरा झाला नाही, २००४ मध्ये लॅमॉन ब्रूस्टरसमोर पुन्हा तोच थकवा दिसला. मग एमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने खेळच बदलला, लांबून जॅब, जवळ आला की अंगावर वजन टाकून धरणं, ताकद जपून वापरणं, आणि २००६ ते २०१५ चॅम्पियन राहिला. लोकांना तो खेळ कंटाळवाणा वाटायचा. मला त्यात कीव्हची ती रात्र दिसते.

बर्ट कूपरचंही सांगायला हवं, कारण तो पूर्णपणे वेगळ्या प्रकारचा. टिलिस आणि प्युरिटी टिकून प्रश्न विचारायचे, कूपर पहिल्या मिनिटापासून स्फोट करायचा. जो फ्रेझरच्या हाताखाली तयार झालेला, बुटका, वाकून आत शिरणारा. जॉर्ज फोरमनसमोर १९८९ मध्ये दोन राउंड झाल्यावर तो स्टुलावरून उठलाच नाही, आणि हाच माणूस नोव्हेंबर १९९१ मध्ये अटलांटात तेव्हाचा चॅम्पियन होलीफील्डसमोर ऐनवेळी उभा राहिला कारण आधी टायसन बाहेर पडला आणि मग त्याच्या जागी आलेला दामियानीही. घरच्या लोकांसमोर होलीफील्डची सोपी रात्र व्हायची होती. तिसऱ्या राउंडमध्ये कूपरच्या उजव्याने होलीफील्ड असा हलला की दोरांनीच त्याला धरलं, रेफरी मिल्स लेनने काउंट दिला, आणि तो होलीफील्डच्या प्रोफेशनल करिअरमधला पहिला नॉकडाउन. होलीफील्डने सातव्यात त्याला थांबवलं. पुढच्या वर्षी मायकेल मूररसमोर डब्ल्यूबीओ (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन) या दुसऱ्या संघटनेच्या रिकाम्या टायटलसाठी पाच राउंडची जी मारामारी झाली, दोघेही खाली जाऊन उठत होते, ती तर तुम्ही आजच बघा.

पण मॅचमेकर म्हणून कूपर माझ्या झोपेचं खोबरं करणारा माणूस. आज कोणता कूपर येणार हेच माहीत नाही. गेटकीपरकडून पहिली अपेक्षा ही की तो जे आहे तेच दर वेळी असावं, नाहीतर परीक्षेच्या निकालाला अर्थ राहत नाही.

बाकीचे थोडक्यात. चक वेपनर, न्यू जर्सीतल्या बेयॉनचा, चेहरा लगेच फाटायचा म्हणून तसंच नाव पडलेला, मार्च १९७५ मध्ये अलीसमोर नवव्या राउंडमध्ये अलीला खाली बसवलं, अलीचं म्हणणं पायावर पाय दिला, आणि पंधराव्यात फक्त १९ सेकंद उरले असताना अलीने वेपनरला थांबवलं. हिंमत अफाट, पण परीक्षक म्हणून मी त्याला मधल्या रांगेत ठेवतो. अ‍ॅलेक्स स्टुअर्टला टायसनने १९९० मध्ये एका राउंडमध्ये उडवलं आणि त्याच स्टुअर्टने १९९२ मध्ये दोनदा पडूनही फोरमनचा चेहरा असा सुजवला की फोरमन निकालात कसाबसा सुटला, म्हणून 'अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ मोठा' हे गणित बॉक्सिंगमध्ये करू नका, स्टाइल सगळं फिरवते.

मिनेसोटाचा स्कॉट लेडू मला फार आवडतो, त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याने लिऑन स्पिंक्सला बरोबरीत रोखलं. चारच महिन्यांनी स्पिंक्सने अलीला हरवून जग हलवलं, आणि लोक म्हणाले लेडूसोबतची ती बरोबरी म्हणजे एक वाईट रात्र होती. पण पुढे बघा, सप्टेंबर १९७८ मध्ये अलीने टायटल परत घेतलं, १९७९ मध्ये कुट्सीने स्पिंक्सला पहिल्या राउंडमध्ये संपवलं, आणि हेवीवेटमध्ये तो पुन्हा त्या उंचीवर गेला नाही. लास वेगासच्या त्या एका मोठ्या रात्रीपेक्षा लेडूने दिलेला निकाल जास्त खरा निघाला. लेडूने १९७९ मध्ये केन नॉर्टनलाही बरोबरीत रोखलं होतं, तेही शेवटच्या राउंडमध्ये पाडून.

आता मी स्वतः जोडी लावताना हे कसं वापरतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कारण कळेल. पोरगा लवकर लवकर नॉकआउट करून जिंकायला लागला की घरचे खूष, पोरगा खूष, आणि मला काळजी. त्याच्यासमोर मी मग असा माणूस शोधतो जो पडत नाही पण ज्याच्या हातात फार जड पंचही नाही. एका वेळी एकच नवा प्रश्न, हा माझा नियम. डावखुरा आणायचा असेल तर राउंड वाढवायचे नाहीत, राउंड वाढवायचे असतील तर समोरचा ओळखीच्या स्टाइलचा हवा. दोन-तीन नवीन गोष्टी एकदम आल्या आणि पोरगा हरला तर तो नक्की कशामुळे हरला हे ना त्याला कळतं ना मला. आणि फाइट चालू असताना माझं लक्ष पंचांपेक्षा राउंडच्या मधल्या त्या एका मिनिटावर जास्त असतं, तो माझं ऐकतोय का, की नजर इकडेतिकडे फिरतेय, पाणी मागतोय की हवा.

होलीफील्ड क्रूझरवेटमधून, म्हणजे हेवीवेटच्या लगेच खालच्या वजनगटातून, वर आला तेव्हा त्याच्या टीमने अगदी असाच विचार केलेला दिसतो. जुलै १९८८ मध्ये पहिला हेवीवेट म्हणून त्यांनी निवडला तो आपला टिलिसच. तो तेव्हा उतरलेला होता, पाच राउंडनंतर बसूनच राहिला, पण हेवीवेटचं अंग, वजन, धरणं कसं असतं हे होलीफील्डला मोठा धोका न पत्करता कळलं. मग पिंकलॉन थॉमस, मग १९८९ मध्ये मायकेल डोक्स, एकेक पायरी अवघड. ३१ ऑक्टोबर २०२० ला, असाच क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकसमोर डेरेक चिसोराला उभं केलं तेव्हा कारण हेच होतं, आणि चिसोराने त्याला बारा राउंड ढकलून बघितलं.

यातून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. चिसोरासारखे अजून आहेत, पण कमी आहेत कारण हा माणूस तयार व्हायला फाइट्स लागतात. चुवालोच्या ९३ होत्या. आता चांगला हेवीवेट वर्षात दोन फाइट्स करतो, कधी एकच. चार मोठ्या संघटनांचे पट्टे आहेत, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या यादीत जागा मिळून जाते. शिवाय टीव्ही आणि प्रमोटर, दोघांनाही शून्य पराभव विकायचे असतात, मग त्या शून्याला धोका असेल असा माणूस कोण आणेल? परिणाम असा की पोरगा पंचवीस-शून्य होऊन टायटलपर्यंत पोचतो आणि त्याची पहिली खरी परीक्षा तिथेच होते, सगळ्यांसमोर.

मात्र जुना काळ सोन्याचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. या कामाची किंमत त्या माणसांनी शरीराने दिलीय, आणि हे सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. जेरी क्वारी गेटकीपरपेक्षा खूप मोठा होता, रॉन लाइल आणि शेव्हर्स दोघांनाही त्याने १९७३ मध्ये हरवलं, त्याचं दुर्दैव की त्याचा काळ अली-फ्रेझरचा होता. तो १९९२ मध्ये, ४७ वर्षांचा असताना, कोलोराडोमध्ये सहा राउंडच्या फाइटला उभा राहिला कारण तिथे तेव्हा त्याला अडवणारं बॉक्सिंग कमिशनच नव्हतं. १९९९ च्या जानेवारीत ५३ व्या वर्षी तो गेला, मेंदूला बसलेल्या मारामुळे शेवटी त्याला रोजची साधी कामंही करता येत नव्हती. आणि ग्रेग पेज, ज्याने टायसनला पाडलं होतं, तो ९ मार्च २००१ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी, केंटकीतल्या अर्लँगर नावाच्या गावात एका छोट्या कार्डावर खेळला. नॉकआउट झाला, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि तिथे अ‍ॅम्ब्युलन्स उभी नव्हती, ऑक्सिजन नव्हता. अर्धांगवायू होऊन तो आठ वर्षं जगला, २००९ मध्ये वारला. त्या दुर्घटनेनंतर केंटकीने सुरक्षेचे नियम कडक केले, पण त्यासाठी एक माजी वर्ल्ड चॅम्पियन असा निकामी होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी उभी असल्याशिवाय मी पोराच्या हातात ग्लोव्हज बांधत नाही, आयोजक कितीही घाई करू दे.

तर आतापर्यंतचं एवढ्यात: पराभव वाचताना कुणाकडून, कसा आणि कधी हे बघायचं, प्रत्येक गेटकीपर वेगळा प्रश्न विचारतो, आणि त्याचा दिवस कोणता होता यावर निकालाची किंमत ठरते.

सगळ्यात भारी कोण? नुसता टिकाऊपणा मोजायचा तर चुवालो, पण तो दावेदारही होता म्हणून मी त्याला या यादीच्या थोडं वर ठेवतो. निकालाने सगळ्यात मोठं काम केलं प्युरिटीने. पण मला एका रात्रीपुरता एक माणूस निवडायला सांगितला तर मी १९८६ चा टिलिस घेईन, कारण त्याने एकाच फाइटमध्ये टायसनच्या टीमलाही उत्तर दिलं आणि टायसनच्या पुढच्या सगळ्या विरोधकांनाही. कूपर नाही, बघायला कितीही मजा आली तरी.

बघायला सुरुवात टायसन-टिलिसपासून करा, आणि दुसऱ्यांदा बघताना फक्त टिलिसचे पाय बघा, कुठल्या बाजूने बाहेर पडतो ते. मग क्लिच्को-प्युरिटी, तिचे पहिले तीन राउंड बघून सरळ सातव्यावर जा आणि क्लिच्कोचा डावा हात प्रत्येक राउंडला किती खाली येत जातो ते मोजा. मग अली-चुवालोची १९६६ ची पूर्ण, पंधराच्या पंधरा राउंड. शक्यतो आवाज बंद करून बघा, कारण कॉमेंटेटर नेहमी ज्याचं नाव मोठं त्याच्याकडेच बघत असतात आणि दुसऱ्या माणसाचं अर्धं काम त्यांच्या बोलण्यात हरवून जातं. तिन्ही बघून झाल्या की कोणत्या राउंडला काय दिसलं ते इथे लिहा, मी वाचेन.